सावलीत वाळणारा पायजमा

माझ्या शेजारणीचा नवरा चार वर्षांपूर्वी एका पहाटे घरातून निघून गेला, तो परत आला नाही. झोपायला त्याने एकाच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे दोन पायजमे शिवून घेतले होते. एक अंगावर गेला, दुसरा ती अजून रोज सकाळी धुते. रिठ्याच्या पाण्यात भिजवते, हलक्या हाताने चोळते, पिळत मात्र नाही. उलटा करून पडवीच्या सावलीत वाळत घालते.

"पिळला की शिवन टोचती, भावजी. ह्यांना झोप लागत न्हाई."

एकदा मी हसत म्हणालो, "वहिनी, न वापरलेला कपडा किती धुणार?"

"कोन म्हनतं वापरत न्हाईत?" तिने बादलीत टाकायच्या आधी पायजमा पसरून दाखवला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने भरले होते. त्या महिन्यात कालव्याला पाणी सुटलेलं नव्हतं. आमच्या शिवारात चिखल कुठेच नव्हता.

तो गेला त्या पहाटे मी त्याला कालव्याकडे जाताना पाहिलं होतं. बांधाच्या भांडणावरून आमचं बोलणं बंद होतं, म्हणून हाक मारली नाही. पोलिसांनाही पाहिलं नाही म्हणालो. हे सगळं मी परवा तिला सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय. ह्यांनी वळून बघितलं, तवा तुमी दार लावून घेतलं."

दाराचं मी तिला सांगितलंच नव्हतं.