तीन कुलपं, एक किल्ली

मल्लप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत मुलींना शुद्धलेखन घालत होते. "भवानी पेठेतले कुलूपवाले..." एवढंच शिपाई म्हणाला, आणि मी खडू ठेवून खिडकीशी गेले. त्याला आता दीड महिना झाला. मुलींनी विचारलं, "बाई, तुमचे कोण होते ते?" काय सांगणार... माझं लग्न त्यांच्यामुळे वेळेवर लागलं, एवढंच सुचलं.

माझ्या सासरी चादरींचा व्यापार. माल पोचवायला एक जुनी बंद व्हॅन होती, तीच आम्हाला आणायला अक्कलकोटला धाडली होती. मागचं दार वाटेत उघडू नये म्हणून ड्रायव्हरने बाहेरून कुलूप घातलं. मांडवासमोर गाडी थांबली, सनईवाल्याने सूर धरला, आणि किल्ली काही फिरेना. आत मी शालूत, शेजारी आई, आणि जाळीतून दिसणारी माणसांची डोकी. मुहूर्ताला अर्धा तास. ह्यांचे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अपशकुन आहे हा. आजचं लग्न पुढे ढकला." आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. कुणाला दिसू नये म्हणून मी तुकडे मुठीत लपवले. मांडवापर्यंत आलेलं वऱ्हाड परत गेलं तर पुढे काय होतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तेवढ्यात जाळीशी एक मिशाळ चेहरा आला. बाजूच्या गल्लीतून गलका ऐकून मल्लप्पा हातातलं काम टाकून आले होते. त्यांनी दाराच्या कडेवरून सावकाश हात फिरवला. "काका, शकुनाचं मला काय कळत न्हाय. बिजागरी झिजलीया, दार खाली बसलंय, म्हणून कुलपाची जीभ अडकलीया." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तंगी, पदर खोच. दाराला खांदा लाव अन् वर उचल. सोडू मातर नगंस." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी खांदा लावला, आईनेही लावला, बाहेरून त्यांनी किल्ली फिरवली. खट्‌ आवाज झाला, दार उघडलं आणि आम्ही दोघी जवळजवळ त्यांच्या अंगावरच पडलो! सगळा मांडव हसला. काकांनाही हसू आवरेना, आणि हसल्यावर लग्न पुढे ढकला म्हणायचं तोंड त्यांना राहिलं नाही.

चार दिवसांनी मल्लप्पा हत्यारं घेऊन घरी आले. नवी बिजागरी बसवली. गाडीच्या तीन दारांना तीन किल्ल्या होत्या. त्यांनी तिन्ही कुलपं ओट्यावर खोलली, आतल्या पितळी पात्या काही बदलल्या, काही घासल्या, आणि तिन्ही एकाच किल्लीने उघडतील अशी केली. मागच्या दाराला आतूनही किल्ली लागेल अशी सोय केली. मग दोन किल्ल्या पुढे धरल्या. "एक मालकांची, एक तंगीची."

"बायकांना मोटारीची किल्ली कशाला?" काका म्हणाले.

"परत आत अडकली तर, काका? मी काय रोज मांडवात असतो व्हय?"

वर्षभरात ह्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. पहिल्याच फेरीला मल्लप्पा हौसेने शेजारी बसले, ते डोळे मिटून. "भ्यालात का अण्णा?" मी विचारलं. "न्हाय की. दारं खडखडत्यात का, ते ऐकतोय." त्या दिवसापासून सठीसहामाशी स्वतःहून येत, कुलपांना तेल घालत, चहा घेत आणि मांडवातली गंमत दर वेळी नव्याने रंगवून सांगत. शेवटी शेवटी तर मी दार एकटीने उपटलं होतं!

गेल्या रविवारी त्यांच्या दुकानी गेले. बंद असेल असं वाटलं होतं, पण त्यांची बायको नागव्वा कानस घेऊन बसलेली. सांत्वनाचे शब्द जुळवत मी उभी राहिले, तर म्हणाली, "बसा. आन् हे जरा घट्ट धरा, मला एकटीला जमंना." मी कुलूप धरलं. ती किल्ली घासे, लावून बघे, पुन्हा घासे. पाचव्या खेपेला कुलूप उघडलं. नागव्वा माझ्याकडे बघून हसली, खूप दिवसांनी हसावं तशी... आणि म्हणाली, "त्यांना धाव्या खेपेला जमायचं."