पालीचं शेपूट

वसंतअण्णांविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कोणी विचारलं की त्यांच्या गमती सांगायचो आणि एका ठरावीक जागी थांबायचो. आता ऐंशी उलटली. आज थांबत नाही.

पहिल्यांदा ते दिसले मल्लेश्वरमच्या रिक्षा स्टँडवर. एका परदेशी फोन कंपनीने चाचणीसाठी दिलेला मोबाइल ते एकेका रिक्षावाल्याच्या हातात देत होते. तेव्हा मोबाइल ही श्रीमंतांची चीज. रिक्षावाले तो दोन्ही हातांनी धरत. काय चाललंय म्हणून मी विचारलं. म्हणाले, "खेळ तपासतोय की. गिऱ्हाईक आलं तरी ज्याची मान वर होत नाही, त्यानं आमचा खेळ पास केला."

खेळाचं नाव 'पाल'. ट्यूबलाइटखाली डास पकडणारी पाल. चूक झाली की शेपूट गळायचं आणि पाल एकदा वाचायची. "शेपूट जाऊ दे, जीव राहू दे," हे अण्णांचं बोलणं सगळ्यालाच लागू. लाइट गेली तरी तेच, रिक्षा चुकली तरी तेच.

मी बँकेतली नोकरी सोडून त्यांचा भागीदार झालो. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. घरमालकाला दहा महिन्यांच्या भाड्याचा ॲडव्हान्स दिला तिथेच माझा निम्मा फंड संपला. दुकानदारांसाठी बिलांचे प्रोग्रॅम करायचे आणि त्यावर खेळ पोसायचा. दुकानदार पैसे सावकाश देत. हाताखालच्या पोरांचे पगार मात्र एक तारखेला. म्हणून बँकेचं कर्ज काढलं, माझं घर तारण ठेवून. अण्णांनी एकही कागद वाचला नाही. "कागद तुम्ही बघा, पडदा मी बघतो, बँकवाले."

पुढे त्या फोन कंपनीने 'पाल' कायमची विकत मागितली. फोन विकला गेला की दर फोनमागे थोडे पैसे, असं अण्णांचं म्हणणं होतं. त्यांनी कायमची विकायला नकार दिला. त्याच सुमारास बँकेची नोटीस आली, माझ्या घरावर. मी ती कोणाला दाखवली नाही. एका संध्याकाळी कंपनीच्या करारावर एकट्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत आले ते बेळगावच्या कुंद्याचा डबा घेऊनच. त्यांनी येलहंक्याची साईट विकली होती. बायकोसाठी घर बांधायचं म्हणून घेतलेली जागा. सकाळीच रजिस्ट्रेशन झालं होतं.

"पगाराची चिंता मिटली. आता 'पाल' कोणाला विकायला नको. घ्या, तोंड गोड करा."

मी घास घेतला. कुंदा तोंडात फिरत राहिला, गिळेना. तेव्हाच सांगितलं असतं तर निदान साईटचे पैसे त्यांच्याकडे राहिले असते. मी नुसतं "छान" म्हणालो. साईटचे पैसे पगारात गेले. 'पाल'चे पैसे तीन महिन्यांनी आले, ते मी कर्जात भरले. घर सुटलं. माझं.

वर्षाने चिकपेटचे एक कापडवाले आपला नवा फोन दाखवायला आले. म्हणाले, यात एक मजेचा खेळ आहे, शेपूटच गळतं. अण्णांनी फोन हातात घेतला. डास पकडले, मुद्दाम चूक केली, शेपूट गळलेलं पाहिलं. फोन परत देऊन व्यापाऱ्याला चहा दिला, जिन्यापर्यंत पोचवलं. मग माझ्याकडे वळले.

"कधी विकली?"

"साईटचे पैसे संपल्यावर," मी म्हणालो. "नाइलाज झाला."

ते खिडकीपाशी उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील, ओरडतील. मला ते हवं होतं.

"सरी, असू दे," ते म्हणाले. "पोरांचे पगार तर झाले. एकट्यानं ओझं वाहिलंत, मला सांगायचं होतं की." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला अजून जाणवतो.

आमची कंपनी बंद झाली. अण्णा बेळगावला जाऊन कॉम्प्युटर शिकवू लागले. बऱ्याच वर्षांनी मी तिथे गेलो, बोलायचं ठरवूनच. वहिनींनी दार उघडलं. घर भाड्याचं होतं. अण्णांनी नवा खेळ माझ्या हातात दिला, आधी खेळा म्हणाले, मग बोलू. चहा झाला, जेवण झालं, बस आली. मी नुसता खेळत राहिलो. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

तिथे जाताना बसमध्ये घोकून ठेवलेलं वाक्य तसंच राहिलं: अण्णा, तुम्ही कुंद्याचा डबा उघडलात तेव्हा माझी सही झालेली होती. मी तुमचं घर देऊन माझं घर सोडवलं. मला क्षमा करा.