फ्यूज कुणाच्या खिशात

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं, की समोरच्या फुटपाथवरून दुकानाची पाटी दिसेना. आत बल्बखाली मावशी पंखा भरत होत्या, म्हणजे जळकी तार उपसून तांब्याची नवी गुंडाळत होत्या. एकशे चाळीस वेढे झाले आणि शाळेची वेळ झाली. भिंतीवर खडूने १४० लिहून त्या उठल्या.

हे काम त्या दहाव्या वर्षी वडिलांशेजारी बसून शिकल्या. म्हणून दर शनिवारी सातवीला फुकट शिकवायच्या. हेडबाईंना ते पटेना. एवढ्याशा पोरांना आत्तापासून कसला कामधंदा, त्या तासाला गणित घेऊ, असं त्यांचं म्हणणं. मीही वेढे मोजून गणितच घेते, असं मावशींनी सुनावलं होतं. शेवटी ठरलं: शिक्षकांच्या खोलीतला बंद पंखा पोरांनी भरायचा, आज एकीने जोडून फिरवायचा. मावशींनी हात लावायचा नाही, बोलायचं नाही. जमलं नाही तर तास बंद.

एकीने म्हणजे टिकलीने. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून टिकली. थंडीत पंख्याचं कौतुक बघायला शिक्षक स्वेटर घालून बसलेले. टिकलीने बटण दाबलं. पंखा झोकात फिरला, पण हेडबाईंच्या पुढ्यातला एकही कागद हलेना. पंखा उलटा फिरत होता, वारा छताला.

"छताला उकडत होतं वाटतं," गणिताचे सर म्हणाले. सगळे हसले.

टिकलीचे कान लाल झाले. तिने मावशींकडे पाहिलं. मावशी हात मागे बांधून खिडकीबाहेरचं धुकं बघत राहिल्या. जीव मात्र टांगणीला.

टिकलीने बटण बंद केलं. मग टेबलावर चढायच्या ऐवजी दाराकडे गेली, बोर्डातला फ्यूज उपसला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"बटण बंद आहे ना? मग फ्यूज कशाला काढलास?" हेडबाई म्हणाल्या.

"मी वर असताना कुणी बटण दाबलं तर?"

ती वर चढली, दोन तारांची अदलाबदल केली, उतरली, फ्यूज लावला. या खेपेला हेडबाईंचे कागद खोलीभर उडाले.

हेडबाईंनी ते शांतपणे गोळा केले. मग विचारलं, "मावशी, सहावीही घ्याल का?"

"घेईन की." मावशी म्हणाल्या. "पंखा काय, कुणीही फिरवेल हो. लोक हसत असताना पोरीने फ्यूज खिशात घातला."

दुकानात येऊन त्यांनी चष्मा पुसला, भिंतीवरचा आकडा पाहिला आणि तार हातात घेतली. एकशे एक्केचाळीस.