घर आवरू नका

वृद्ध आणि अपंगांसाठी आमच्या पालिकेचं निवासगृह आहे. आत चाळीस खाटा, बाहेर तीनशे अर्ज. कोणाला कधी जागा मिळणार ती यादी ऑफिसातल्या ताई सांभाळायच्या आणि घरोघरी जाऊन तपासणीचा फॉर्म मी भरायचो. हाल जितके जास्त तितके गुण जास्त, असा नियम. ज्यांनी तो केला त्यांना एकदा तरी एखाद्या म्हाताऱ्याला अंघोळ घालायला लावली पाहिजे.

खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला ताई बजावायच्या, "तपासनीस येईल त्या दिवशी घर आवरू नका. तो काही पाहुणा नाही." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन चादरी बदलायचे. फॉर्म हातात आला की ताई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरी थोरला भाऊ अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला. अण्णा म्हणायचे सगळे त्यांना. घर ऑफिसपासून सात मिनिटांवर, म्हणून ताई दिवसातून तीनदा धावत जाऊन त्यांची कूस बदलून यायच्या. हल्ली त्यांची स्वतःची कंबर कुरकुरायला लागली होती. नव्या मजल्यावर दहा खाटा होणार होत्या आणि यादीत अण्णा सातवे होते. फक्त शेवटची तपासणी राहिली होती. दोन महिन्यांनी ताई निवृत्त होणार, आणि त्याआधी खाट मिळाली नाही तर घरात पूर्णवेळ माणूस आहे असं धरून अर्ज बाद. हा नियम त्यांनी स्वतःच्या हातानं टाइप केलेला.

तपासणीला गेलो तर खोली लखलखीत. चादरीला एक सुरकुती नाही. अण्णांची दाढी केलेली, नखं कापलेली, केस विंचरलेले. मी ताईंकडे पाहिलं.

"काय करू, हात ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या. "कोणी येणार आणि त्याला तसाच ठेवू?"

शेवटचा रकाना पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांचा. त्याला सगळ्यात जास्त गुण आणि सोबत फोटो सक्तीचा. आम्ही दोघांनी अण्णांना कुशीवर वळवलं. पाठ लहान मुलासारखी स्वच्छ.

"आहे म्हणून लिहू का?" मी हळूच विचारलं.

"आणि फोटो कोणाच्या पाठीचा लावणार? तुमच्या?" असं म्हणून ताई चहा टाकायला आत गेल्या.

त्यांची पाठ वळताच अण्णांनी माझा हात धरला. "साहेब, मागच्या महिन्यात दोन दिवस मी तिला कूस बदलूच दिली नाही. म्हटलं, एक जखम झाली की सुटेल बिचारी. पण ती पायाशी बसून रडायलाच लागली. मग काय करणार, वळलो." फॉर्मकडे बोट दाखवत ते म्हणाले, "हे कुठं लिहिता येईल का?"

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मला माझीच चीड आली. मी लिहिलं, 'सांभाळ उत्तम.' त्यात खोटं तरी काय होतं?

अण्णा सातवरून चौसष्टावर गेले. तो आकडा ताईंनीच टाइप केला आणि यादी नेहमीसारखी बाहेरच्या फलकावर लावली. दहा खाटा भरल्या.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे म्हणाले, ताई, आता आराम करा. ताई हसल्या आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसल्या.

"एक फाइल राहिलीय," त्या मला म्हणाल्या.

अण्णांचा अर्ज होता. त्यांनी त्यावर 'बाद'चा शिक्का मारला, कारणाच्या जागी सुरेख अक्षरात लिहिलं, 'घरी पूर्णवेळ माणूस उपलब्ध', आणि खाली सही केली. मग घड्याळ पाहून घाईघाईनं चपला घातल्या. कूस बदलायची वेळ झाली होती.