गाठ नंबर ४३०

मी पुरावा मागणारा माणूस आहे. अमक्याला चकवा लागला असं कोणी सांगितलं की मी विचारतो — किती वाजता, कुठल्या वाटेला, सोबत कोण होतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक गोष्टी संपतात. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण धरणगावच्या एका जिनिंगवाल्याने बाजारात माझं नाव खराब केलंय, आणि त्या दिवशी खरं काय झालं ते कुठेतरी लिहून ठेवणं भाग आहे.

जळगावात सायबर कॅफेत टायपिंग करता करता मी प्रोग्रामिंग शिकलो. क्लास नाही, डिग्री नाही. मग जिनिंग मिलसाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं. प्रेसमधून रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ बाहेर पडली की तिला नंबर मिळतो. तो नंबर, वजन आणि मालाची प्रत, एवढंच त्यात साठतं. सर्व्हर नाही, काही नाही... एका फाईलीत मावणारा हलका एसक्यूएल डेटाबेस. गाठ गोडाऊनमध्ये कुठे आहे, कशी आहे, याची नोंदच त्यात नाही.

गेल्या हंगामात नानांचा फोन आला. नाना म्हणजे तेच धरणगावचे जिनिंगवाले. "तुझ्या सॉफ्टवेअरपेक्षा बैलगाडी लवकर येते रे! इथे माझ्यासोबत चार मिलवाले बसलेत, सगळे ऐकताहेत."

ते चौघे माझे होऊ घातलेले गिऱ्हाईक होते. आठवडाभर एकेकाशी घासाघीस करून सौदा जुळत आणला होता. मी तडक मोटरसायकल काढली.

दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. ऑपरेटर सुनंदाताई म्हणाल्या, "बाकी सगळं पटापट येतं हो भाऊ. फक्त ४१८, ४२१ आणि ४३० या तीन गाठी शोधल्या की अडकतं."

मी हसलो. तीनच नंबर अडकतात असं कधी होत नाही. मग स्वतः क्वेरी चालवली. ४१९, ४२० — बटण दाबायच्या आत उत्तर. ४१८... चाळीस सेकंद. ४२१, चाळीस. ४३०, चाळीस.

क्वेरी प्लॅन, म्हणजे डेटाबेस नंबर कसा शोधतो ते, पाहिला. इंडेक्स बरोबर वापरला जात होता. फाईल तपासली, एकही चूक नाही. लॉक नाही. इंडेक्स नव्याने बांधला. तरी तेच. बरं, सगळ्या गाठींची यादी मागितली तर ती क्षणात येत होती, आणि त्यात हे तिन्ही नंबर होते! डिस्क खराब असेल म्हणून फाईल माझ्या लॅपटॉपवर कॉपी केली. नवा लॅपटॉप. तेच तीन नंबर, तेच चाळीस सेकंद.

"झालं का?" नाना दारात उभे. मागे ते चौघे, चहाचे कप हातात.

"लेबल दोनदा छापलं गेलंय का ते बघून येतो," मी म्हणालो. खरं तर मला तिथून बाहेर पडायचं होतं.

गोडाऊनमध्ये ४१८ सापडली. लेबल वाचायला वाकलो, हात गाठीवर टेकला... आणि मी तो झटकन मागे घेतला.

गाठ तापली होती.

जिनिंगमध्ये काम केलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कापसात एखादा खडा येतो, मशीनमध्ये ठिणगी पडते, आणि ती रुईसोबत गाठीत दाबली जाते. मग ती आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते. शेजारच्या ४१९ आणि ४२० ला हात लावला. थंड. ४२१... गरम.

मी ओरडलो. माणसं धावली. दोन्ही गाठी मैदानात ओढून फोडल्या, तर आत लाल निखारा. पाणी मारलं. मी लॅपटॉप उघडला आणि ४१८ टाकला. लगेच उत्तर. ४२१, लगेच.

४३०... चाळीस सेकंद.

"४३० कुठे आहे?"

सुनंदाताईंनी गेटचा कागद पाहिला. "सकाळच्या ट्रकमध्ये गेली. भिकनभाऊंच्या. धुळ्याकडे."

"नाना, फोन लावा. गाडी थांबवा."

"हात लावून, थंड आहेत ते बघून भरल्यात गाठी सकाळी," नाना म्हणाले. "आणि शंभर गाठींतली नेमकी ४३० जळतेय, हे तुला कोणी सांगितलं? रस्त्यात माल उपसला कळलं की व्यापारी अख्खी गाडी परत लावेल."

"गाडीत माणूस आहे, नाना!"

"मला शिकवू नको. कॉम्प्युटर स्लो चालतोय म्हणून ट्रक थांबवू?"

माझं डोकं सटकलं. "थांबवा. ती गाठ थंड निघाली तर उद्यापासून खानदेशात एकाही मिलला सॉफ्टवेअर विकणार नाही. या चौघांसमोर सांगतो."

नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन लावला. स्पीकरवर.

वाटेत टायर फुटल्यामुळे भिकनभाऊ अजून पारोळ्याच्या जरा पुढेच होते. एका ढाब्यावर गाडी लावून ते आणि क्लीनर दोर सोडू लागले. ४३० तिसऱ्या थरात होती. मी लॅपटॉपवर तोच नंबर पुन्हा पुन्हा टाकत होतो. चाळीस... चाळीस...

"वरल्या बठ्ठ्या थंड शेतस, नाना! मन्ही कंबर मोडनी. भरू का परत?"

वरच्या सगळ्या थंड! नाना माझ्याकडे वळले. "अजून एक थर," मी म्हणालो.

फोनवर गाठी ओढल्याचा आवाज येत राहिला. मग एकदम आरडाओरडा.

"नाना, तपेल शे! धूर शे! सरक रे, सरक..."

धप्प असा आवाज. आणि त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर ४३० चं उत्तर आलं. चाळीस सेकंद नाही, एकसुद्धा नाही. लॅपटॉप कशालाच जोडलेला नव्हता. फाईल तीच, ट्रक सुटल्यावर दुपारी मी केलेली कॉपी.

"पाडी दिनी खाले! भडकनी! पन गाडी वाचनी, नाना."

सुनंदाताई खुर्चीवर बसल्या.

मी नंतर ती कॉपी शेकडो वेळा तपासली. जाणकारांना पाठवली. "फाईल उत्तम आहे," एवढंच उत्तर येतं. तिन्ही नंबर आता इतरांसारखेच चालतात.

नाना सगळीकडे सांगतात, गोडाऊनवाल्याला वास आला म्हणून आग कळली. आणि माझं सॉफ्टवेअर? "स्लो आहे. चाळीस सेकंद लागतात." ते चौघे तिथेच उभे होते, तरी एकानेही घेतलं नाही. परवा केळीच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर बघायला आलेल्या फैजपूरच्या एका केळीवाल्याने विचारलं, "नाना म्हणतात ते खरं का हो? अडकतं म्हणे?"

मी आयुष्यात कुणासमोर गप्प बसलो नाही. पण त्याला काय सांगू? अडकतं म्हणावं, तर धंदा जातो. का अडकलं ते सांगावं, तर लोक मला वेड्यात काढतील. आणि अडकलं नव्हतं म्हणावं... तर भिकनभाऊ आज गाडी चालवतात ते कशामुळे?

मी त्याला म्हणालो, "हो. एकदा अडकलं होतं."