मार्था बाईंचे मिस्टर पीत नव्हते

“मग मिस्टरांचं पिणं आता कसं आहे?” मी आपुलकीनं विचारलं.

मार्था बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “सर, आमचे मिस्टर चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेतात. चहासुद्धा पीत नाहीत.”

पिणारे मिस्टर आधीच्या सेशनमधल्या बाईंचे होते.

मी राहुरीत समुपदेशक आहे. लोकांचं ऐकून घेणं हे माझं काम. घरी मात्र मला काहीही तीनदा सांगावं लागतं, असं बायको म्हणते. मार्था बाई (नाव बदललंय) देवळाली प्रवराकडच्या शिक्षिका. वर्गाच्या दारात पाऊल टाकलं की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. आम्ही याला पॅनिक अटॅक म्हणतो. म्हणजे आग नसताना शरीरानं वाजवलेला भोंगा. घरी आणि शाळेत पाठदुखी सांगून त्यांनी रजा काढली होती. रजेचे तीन आठवडे उरले होते. नंतर एक तर वर्ग, नाहीतर राजीनामा. खरं काय ते त्या फक्त माझ्यापाशी बोलल्या होत्या. आणि मी हे असं ऐकलं होतं.

मी विषय बदलला. त्या वेळेआधीच उठून गेल्या.

“पुढची तारीख न्हाई घेतली बाईंनी,” आमच्या रिसेप्शनच्या शोभाताई म्हणाल्या. “आन् तुमचा च्या परत गार झालाय.”

आमच्या धंद्यात सुपरव्हिजन असतं. म्हणजे आमचंही ऐकायला कुणीतरी मोठं माणूस. माझ्या मॅडम नगरला असतात. त्यांना फोन लावून झालेलं सांगितलं.

“दोन सेशनच्या मधे किती वेळ ठेवतोस?”

“आधी दहा मिनिटं ठेवायचो. तोंड धुवायचो, अंगणात एक चक्कर मारायचो. पण वेटिंग वाढलं, मॅडम. लोक लांबून येतात...”

“म्हणून तू थोर झालास आणि दहा मिनिटं वाटून टाकलीस. त्यांच्यापाशी चूक कबूल केलीस?”

“नाही.”

“मग मला कशाला फोन करतोस? त्यांना कर. कारणं सांगू नकोस, नुसती माफी माग.”

मागितली. मार्था बाई नुसतं “बघते” म्हणाल्या.

आठ दिवसांनी आल्या. “त्या दिवशी मी रागानंच घरी गेले, सर. मिस्टर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, मी समुपदेशकाकडे जाते आणि तो तुम्हाला बेवडा समजतो. ते इतके हसले, इतके हसले... मग मी बाकीचंही सगळं सांगून टाकलं.”

रजा संपली त्या सोमवारी मिस्टर त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. भोंगा वाजला, पण बाईंनी तास घेतला.

ही उपचारपद्धत मी कुणालाही सुचवणार नाही. माझी दहा मिनिटं आता शोभाताईंच्या ताब्यात आहेत. कुणी दार ढकललं की त्या सांगतात, “थांबा जरा. सर च्या पितेत. गरम हाय.”