बाळ धरायला एम.ए.

हेडबाईंच्या शाळेत दरवर्षी स्वयंसेवक यायचे आणि दरवर्षी भिंती रंगवून जायचे. दोन खोल्यांची शाळा ती. रंगाचे थर इतके चढले होते, की खोल्या आतून लहान होत चालल्यात असं बाई येईल त्याला सांगायच्या. रंग वाळेपर्यंत शाळेला चार दिवस सुट्टी. म्हणजे शिक्षण वाढवायला आलेली माणसं आधी शाळा बंद पाडायची! पण बोलायची सोय नव्हती. मदत करणाऱ्याचा हात कोण धरणार?

यंदा मात्र बाईंनी पदर खोचला. कारण थोरली. सहावीतली ही पोरगी गणितात खुद्द बाईंना चुका दाखवायची. पंधरा दिवसांवर निवासी शाळेची परीक्षा आली होती. पास झाली तर पुढची सहा वर्षं शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. पण तिची आई सकाळी सातला बाटल्या धुण्याच्या कारखान्यात जायची आणि जाताना दहा महिन्यांचा भाऊ थोरलीच्या कडेवर द्यायची. तो रडला की थोरली वर्गाबाहेर. अर्धं गणित फळ्यापुढे, अर्धं ओट्यावर.

स्वयंसेवक आले. त्यांच्या उंचेल्या म्होरक्याने रंगाचे डबे खाली ठेवले.

"बाई, यंदा कुठली भिंत?"

"भिंत मरू दे. हे धरा," म्हणत बाईंनी थोरलीच्या कडेवरचं बाळ त्याच्या हातात दिलं.

"अहो, मी शिक्षणशास्त्रात एम.ए. आहे!"

"बरं झालं. झोपवा त्याला."

म्होरक्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तेवढ्यात बाळाने त्याचा चष्मा ओढला आणि भाषण तिथेच थांबलं. तिसऱ्या दिवशी बघावं तर ओट्यावर सहा बाळं घेऊन सहा पदवीधर येरझाऱ्या घालतायत, आणि वर्गात थोरलीबरोबर बाकीच्या बाळांच्या पाच बहिणी बसल्यात, ज्यांची नावं पटावर असूनही तोंडं कुणी पाहिली नव्हती! बाईंनी स्वतः मात्र एकाही बाळाला बोट लावलं नाही. "माझे हात खडूचे," म्हणायच्या. दुसऱ्याला कामाला लावायची भारी हौस!

परीक्षा झाली, स्वयंसेवक गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पाच जणीही दिसेनाशा झाल्या. संस्थेच्या फॉर्मवर 'शिकवलेले तास' असा रकाना होता. म्होरक्या प्रामाणिक, त्याने शून्य लिहिलं. महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं, की आपल्या शाळेत उपक्रमाचा काहीच उपयोग न झाल्याने तो बंद करत आहोत. बाई आधी हसल्या, मग भडकल्या, मग पत्र बाजूला भिरकावलं, कारण त्याखाली थोरलीचा निकाल होता. पास!

बाई तशाच तिच्या घरी धावल्या. आई नुकतीच कामावरून आली होती.

"नाही पाठवायची," ती म्हणाली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सगळं फुकट आहे!"

"आणि याला कोण बघणार? तुमच्या पाहुण्यांनी पंधरा दिवस बघितलं. पुढे काय? कारखान्यात मूल आणू देत नाहीत. मी घरी बसले तर खायचं काय?"

बाईंकडे उत्तरं तयारच असायची. पोरीचं आयुष्य, आईचं कर्तव्य, थोडी कळ सोसावी, काही ना काही मार्ग निघतो. आईने सगळं ऐकून घेतलं. मग बाळ उचललं आणि बाईंच्या पुढे धरलं.

"मग तुम्ही बघता?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाईंना राग आला, तो स्वतःचाच. थोरली दारात उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती.

"आण इकडे," बाई म्हणाल्या.

सोमवारी थोरली गेली. त्याच सकाळी बाई बाळाला कडेवर घेऊन फळ्यावर अपूर्णांक लिहायला लागल्या. पहिल्या उदाहरणाला त्याने खडू तोंडात घातला, दुसऱ्याला केस ओढले, तिसऱ्याला रडून वर्ग डोक्यावर घेतला. मधल्या सुट्टीपर्यंत बाईंची कंबर मोडली आणि पाच उदाहरणांतली तीन चुकली. पोरगी असंच बाळ सांभाळत गणितं सोडवायची आणि एकही चुकायची नाही, हे लक्षात आलं तेव्हा बाईंना भर वर्गात रडू फुटलं.